चर्चामंडळ : जैवतंत्रज्ञानाचे एक दुर्लक्षित उपकरण



प्रयोगशाळा म्हटली म्हणजे काचेच्या नळ्या, सूक्ष्मदर्शक यंत्र, शीतकपाटे आणि त्या सर्वांमध्ये मान खाली घालून काम करणारा एकटा संशोधक, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. या चित्रात एक महत्त्वाचे उपकरण राहून जाते. ते बाजारात विकत मिळत नाही, त्याला वीज लागत नाही, आणि कोणत्याही संस्थेच्या सामानाच्या यादीत त्याची नोंद नसते. दहापाच समानधर्मी माणसांनी ठरल्या दिवशी एकत्र बसून आपल्या अडलेल्या कामाविषयी मोकळेपणाने केलेली चर्चा, हे ते उपकरण होय. जैवतंत्रज्ञानाच्या क्षेत्रात या उपकरणावाचून काय अडते, आणि ते हाती असले म्हणजे काय साधते, हे धाराशिव जिल्हा व त्याच्या आसपासचा मुलूख नजरेपुढे ठेवून आज सांगावयाचे आहे.

जैवतंत्रज्ञान हा शब्द नवा असला तरी त्याचे मूळ आपल्या स्वयंपाकघरात आहे. रात्री दुधास विरजण लावणारी गृहिणी अगणित सूक्ष्म जीवांकडून काम करून घेत असते. नव्या काळात भर पडली ती अशी की, प्राण्याच्या किंवा वनस्पतीच्या पेशीत आनुवंशिक गुणांची जी लिपी असते, जिला डीएनए म्हणतात, ती आता अक्षरशः वाचता येते. दोन जीवांच्या लिप्या ताडून पाहता येतात. आणि काही प्रसंगी तीत फेरफारही करता येतो. भारत सरकारने या विषयासाठी १९८६ साली स्वतंत्र विभाग काढला. त्यानंतरच्या काळात हा विषय मोठ्या शहरांतून जिल्ह्याच्या गावी पोचला. मराठवाडा विद्यापीठाच्या धाराशिव येथील उपपरिसरात त्याचे अध्यापन सुरू झाले. लातुरास कृषी जैवतंत्रज्ञानाचे महाविद्यालय निघाले. तेथून दरवर्षी पदवीधर तरुण-तरुणी बाहेर पडतात. विद्या पोचली, विद्यार्थी आले, यंत्रेही थोडीबहुत आली. पण या मंडळींनी परस्परांशी बोलावे कोठे आणि केव्हा, हा प्रश्न मात्र जवळजवळ अनुत्तरितच राहिला.

बोलण्यावाचून असे काय अडते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर या शास्त्राच्या स्वभावातच आहे. ज्योतिषशास्त्रज्ञाचा तारा पुण्याहून पाहिला काय आणि पॅरिसहून पाहिला काय, तारा तोच असतो. पदार्थवैज्ञानिकाचा विद्युत्कण गाव बदलल्याने आपला गुणधर्म बदलत नाही. सजीवाची गोष्ट निराळी आहे. तुरीचे एकच वाण काळ्या भारी जमिनीत एक वागते, मुरमाड माळावर दुसरे वागते. एका तालुक्यात निरोगी राहते, शेजारच्या तालुक्यात वाळून जाते. त्यामुळे त्याविषयीचे ज्ञानही अनेकांच्या ठायी वाटले गेलेले असते. डीएनएची लिपी वाचणारा एक, रोगाचे लक्षण ओळखणारा दुसरा, आणि जनावरामागे उन्हातान्हात हिंडून त्याचा स्वभाव जाणणारा तिसरा. या तिघांपैकी एकाजवळही पुरते ज्ञान नसते. तिघे एकत्र बसले तरच ते जुळून येते. याची दोन उदाहरणे मी देतो; पैकी पहिले आपल्या रोजच्या वरणाचे आहे.

तुरीवर पडणारा वांझ रोग मराठवाड्यातील शेतकऱ्यास चांगला परिचित आहे. नावच रोगाचे वर्णन करते. झाड मरत नाही. उलट हिरवे, झुडपासारखे गच्च दिसते. पाने लहान पडतात, त्यांवर फिकट ठिपक्यांची नक्षी उमटते, आणि फुलोरा मात्र येत नाही. शेत भरलेले दिसावे आणि खळे रिकामे राहावे, असा हा फसवा रोग. बिहारमधील पुसा येथून त्याची शास्त्रीय नोंद १९३१ साली झाली. पुढे तीसएक वर्षांनी असे सिद्ध झाले की, हा रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेण्याचे काम एक अतिसूक्ष्म कोळी करतो. तो पानाच्या पाठीवर राहतो, नुसत्या डोळ्यांस दिसत नाही, आणि वाऱ्यावर स्वार होऊन दूर जातो. परंतु वाहक सापडला म्हणून मूळ चोर सापडला असे झाले नाही. कोळी जे वाहून नेतो ते काय? विषाणू असावा असा तर्क होता. पण तो झाडाच्या रसातून शुद्ध स्वरूपात वेगळा काढू जाता हाती टिकत नसे. अखेर हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्था आणि स्कॉटलंडमधील पीकसंशोधन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी मिळून विसावे शतक संपता संपता तो विषाणू निश्चित केला. पहिल्या नोंदीपासून तोवर जवळजवळ सत्तर वर्षे लोटली होती!

या सत्तर वर्षांत शेतकी शास्त्रज्ञ स्वस्थ बसले होते असे मुळीच नाही. जालना जिल्ह्यातील बदनापूरच्या संशोधनकेंद्रात वांझ रोगास दाद न देणारी वाणे तयार झाली. बीएसएमआर या आद्याक्षरांनी ती शेतकऱ्यांस ठाऊक आहेत, आणि त्या अक्षरांत बदनापूरचे नाव व रोगप्रतिकाराचा गुण दोन्ही गुंफलेली आहेत. अशी वाणे निवडण्याची रीत साधी पण कष्टाची असते. जेथे रोग हमखास येतो अशाच जमिनीत नाना प्रकारची तूर पेरावयाची, आणि जी तगेल तिचे बी राखावयाचे. म्हणजे रोगाचे कारण पूर्णपणे उमगण्यापूर्वीच त्यावरचा उपाय एकाच्या हाती आला होता. वाहकाचे ज्ञान दुसऱ्यापाशी होते. विषाणू पकडण्याची कला तिसऱ्या देशात होती. ज्ञानाचे तुकडे होते, पण ते दूर दूर पडलेले होते. हे तुकडे जितके लवकर एका जागी येतील, तितकी वर्षे वाचतील. आणि शेतीच्या हिशेबात एक वर्ष म्हणजे एका कुटुंबाचा एक संपूर्ण हंगाम असतो.

याच तुरीच्या डीएनएची संपूर्ण लिपी २०११ साली प्रसिद्ध झाली. तीत ४८,६८० जनुके असल्याचा अंदाज इक्रिसॅटच्या नेतृत्वाखाली काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी बांधला. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनीही त्याच वर्षी त्याच वाणाचे वाचन स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. ते वाण म्हणजे आशा. मर आणि वांझ या दोन्ही रोगांस तोंड देणारे. येथे थोडा भूगोल ध्यानात घ्यावा. सोलापुराहून नळदुर्ग आणि उमरगा या धाराशिव जिल्ह्यातील गावांवरून जो हमरस्ता हैदराबादेकडे जातो, त्याच रस्त्यावर पाटणचेरू आहे. ज्या शेतांच्या बांधाला लागून तो रस्ता जातो, त्या शेतांत तूर उभी असते. आणि त्या तुरीचा ग्रंथ ज्या घरी वाचला गेला, ते घर त्याच रस्त्यावर काही तासांच्या अंतरावर असते. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यानंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि कचेरीच्या कामासाठी लोकांची त्या वाटेने ये-जा असे. विद्येच्या कामासाठीही ती वाट पुन्हा वाहती व्हावी, ही अपेक्षा काही फार मोठी नव्हे.

दुसरे उदाहरण मेंढीचे आहे, आणि ते अधिक आशादायक आहे. कारण त्यात ज्ञानाचे तुकडे वेळेवर एकत्र आले. दख्खनी मेंढी ही आपल्या पठाराची काटक जात; पण ती बहुधा एका वेळी एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची ठेंगणी मेंढी आहे. तिला दोन-दोन, तीन-तीन कोकरे होतात. इकडे ऑस्ट्रेलियात बुरूला नावाचा मेंढ्यांचा एक कळप बहुप्रसवतेसाठी प्रसिद्ध होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून जहाजाने तिकडे गेलेल्या मेंढ्यांकडे त्याचे मूळ जाते, असे अभ्यासकांनी दाखविले. २००१ साली या गुणाचे जनुक निश्चित झाले. डीएनएच्या लिपीत एका ठिकाणी एकच अक्षर बदललेले आहे, आणि तेवढ्या बदलामुळे मेंढीच्या बीजांडकोशातून एका वेळी अधिक बीजांडे सुटतात. तोच बदल गरोळ मेंढीतही आढळला.

सातारा जिल्ह्यातील फलटण येथे बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोळ आणि दख्खनी यांचा संकर करून हा गुण आपल्या मेंढीत आणण्याचे काम हाती घेतले. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांचे पशुवैद्य सहकारी डॉ. घळसासी यांच्यापाशी कळप होता आणि धनगरांशी जुळलेले नाते होते. पण डीएनएची परीक्षा करण्याची सोय नव्हती. ती सोय पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. विद्या गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांपाशी होती. पैदाशीचे गणित करणारे तज्ज्ञ ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांत होते. एरव्ही मेंढीची बहुप्रसवता कळण्यास ती वयात येऊन विण्यापर्यंत थांबावे लागे, आणि मेंढ्याच्या अंगी हा गुण आहे की नाही हे कळण्यास त्याच्या लेकींची वाट पाहावी लागे. परीक्षा हाती आल्यावर जन्मलेल्या कोकराच्या रक्ताच्या थेंबावरून निवाडा होऊ लागला. परीक्षेची युक्ती मोठी मौजेची आहे. डीएनएचा हवा तेवढा तुकडा घेऊन त्याच्या असंख्य प्रती काढावयाच्या, आणि त्यांवर एक असे विकर सोडावयाचे की जे ठराविक अक्षरक्रम दिसला तरच कात्रीसारखे कापते. कापले गेले की नाही, यावरून अक्षर बदललेले आहे की नाही हे समजते.

परंतु या हकिकतीतील सर्वांत बोधप्रद भाग प्रयोगशाळेच्या बाहेर घडला. जितकी कोकरे अधिक तितके बरे, असे शहरातील मनुष्यास वाटेल. कळप घेऊन मैलोगणती चालणाऱ्या धनगरास तसे वाटत नाही. तीन कोकरे झाली तर दूध कोणी पाजावे? चाल करताना दुबळी कोकरे कोणी खांद्यावर घ्यावीत? चारा नसलेल्या वर्षी त्या मेंढीचे काय व्हावे? बदललेले जनुक आईबापांपैकी एकाकडूनच आले तर बहुधा जुळी होतात. दोघांकडूनही आले तर बीजांडे आणखी वाढतात. तेव्हा एकच प्रत असलेल्या मेंढ्या धनगरांच्या कळपात नांदवून पाहिल्या, आणि दर विण्यामागे सरासरीने सुमारे अर्धे कोकरू अधिक मिळते असा अनुभव आला. दहा मेंढ्या व्याल्या तर पाच कोकरे जास्त. बोजा पेलण्याजोगा, लाभ मोजण्याजोगा. किती वाढ हवी, हा प्रश्न जनुकशास्त्राने सोडविण्याचा नव्हता. तो धनगराच्या अनुभवाने सुटावयाचा होता. तो विचारला गेला, कारण विचारणारे आणि उत्तर देणारे एका ठिकाणी बसत होते.

अशा बैठकींची परंपरा जगात जुनी आहे. अमेरिकेत नील गॉर्डन या रसायनशास्त्रज्ञाने १९३१ साली सुरू केलेल्या परिषदांत असा दंडक पडला की, तेथे जे बोलले जाईल ते बाहेर उद्धृत करावयाचे नाही. त्यामुळे अर्धवट कल्पना आणि फसलेले प्रयोगही निःसंकोचपणे मांडले जाऊ लागले. शास्त्रीय नियतकालिके बहुधा यश छापतात. अपयशाची हकिकत माणसाच्या तोंडूनच ऐकावी लागते. १९७५ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे सुमारे १४० मंडळी एकत्र जमली. भिन्न जीवांचे डीएनए जोडण्याची कला तेव्हा नुकतीच साधली होती. तिच्यात धोका असू शकेल अशी शंका येताच पॉल बर्ग आदी शास्त्रज्ञांनी आदल्या वर्षी आपण होऊन काही प्रयोग थांबविण्याचे आवाहन केले होते. असिलोमारला त्यांनी सुरक्षिततेचे नियम ठरविले. ज्ञानाला लगाम घालण्याचे कामही चर्चेनेच केले, हे येथे लक्षात ठेवावे.

त्याच १९७५ साली आपल्या महाबळेश्वरीही अशीच एक परंपरा सुरू झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आण्विक जीवशास्त्राची शाखा उभारणारे ओबेद सिद्दिकी यांनी आधुनिक जीवशास्त्रावरील चर्चासत्रांस तेथे आरंभ केला. कचेरी नाही, घंटा नाही. डोंगरावर चार दिवस राहावयाचे, बोलावयाचे आणि ऐकावयाचे. पुढे २००९ पासून देशातील तरुण जीवशास्त्रज्ञांचा वार्षिक मेळावा भरू लागला, आणि त्याच धर्तीवर निरनिराळ्या प्रांतांत लहान प्रादेशिक मेळावेही होऊ लागले. यामागची जाणीव योग्यच आहे. राष्ट्रीय मेळाव्यास निवडक मंडळी जातात, वर्षातून एकदा जातात, आणि तेथे देशाच्या पातळीवरचे प्रश्न निघतात. एखाद्या तालुक्यातील रोग, एखाद्या खोऱ्यातील जनावर, यांची दाद तेथे लागत नाही. त्यासाठी मंडळ असावे ते सकाळच्या एसटीने निघून रात्री घरी परतता येईल एवढ्याच टापूचे.

धाराशिवच्या भोवती असा टापू सहज आखता येतो. जिल्ह्यात विद्यापीठाचा उपपरिसर आहे, तुळजापुरास कृषी विज्ञान केंद्र आहे. लातूर तर १९८२ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होते. तेथे कृषी जैवतंत्रज्ञानाचे महाविद्यालय आहे. सोलापुरास डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधनकेंद्र आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ, फलटणची संस्था आणि पाटणचेरू ही थोडी दूरची घरे; पण पाहुणा म्हणून वर्षातून एकदोनदा बोलावण्याइतकी जवळची आहेत. या साऱ्या ठिकाणी जाणती माणसे आहेत. त्यांच्यामध्ये डोंगर नाहीत, समुद्र नाही. आड येते ती निराळ्या खात्यांची, निराळ्या विद्यापीठांची आणि निराळ्या मंत्रालयांची कुंपणे.

मग या मंडळाने बोलावे कशाविषयी? पहिला प्रश्न त्यांच्या दारातच बांधलेला आहे. जिल्ह्याचे नाव २०२३ साली अधिकृतपणे धाराशिव झाले. पण येथल्या शेळीची जात उस्मानाबादी याच नावाने नोंदलेली आणि देशभर ओळखली जाते. बहुधा काळ्या रंगाची, दुष्काळी माळावरही तग धरणारी आणि बरेचदा जुळी करडे देणारी ही शेळी. जमीन नसलेल्या घरात तीच बँक असते. मुलीच्या पुस्तकांचा, आजारपणाचा, पेरणीच्या बियांचा खर्च ऐनवेळी एक बोकड विकून भागतो. तिची देखभाल बहुधा घरातील बाईकडे असते, म्हणून तिचा पैसाही काही अंशी बाईच्या हाती राहतो. फलटणच्या संस्थेने अखिल भारतीय प्रकल्पाखाली या जातीच्या सुधारणेचे काम अंगावर घेतले, हे स्तुत्यच आहे. पण जिच्या नावात जिल्हा आहे तिची चर्चा जिल्ह्यात व्हावी, हेही तितकेच इष्ट नाही काय?

या शेळीपुढे खरोखरीचे संकट आहे. मोठ्या अंगाचे बोकड हवेत म्हणून बोअर, सिरोही, जमनापारी अशा बाहेरच्या जातींचे नर कळपात सोडले जातात. पहिल्या पिढीत वजन वाढलेले दिसते, आणि भावही येतो. पण दोनचार पिढ्यांनंतर दुष्काळात तगण्याचा गुण, रोगाशी झगडण्याची ताकद आणि जुळ्यांचे प्रमाण यांचे काय होते, हे कोणी मोजावे? मिसळ झालेल्या रक्तातून मूळ जात पुन्हा वेगळी काढणे जवळजवळ अशक्य असते. शुद्ध कळप कोणत्या गावी उरले आहेत, हे गावोगाव फिरणारा पशुवैद्य सांगू शकतो. ते शुद्ध आहेत की नाहीत, हे डीएनएवरून जैवतंत्रज्ञ सांगू शकतो. कोणता बोकड राखावा, त्याचे रेत गोठवून कसे साठवावे, हे पैदासतज्ज्ञ सांगू शकतो. आणि जुळ्यांतील दोन्ही करडे जगतात कोणत्या शेळीची, हे फक्त तिला पाळणारी बाई सांगू शकते. मेंढीचा न्याय शेळीस जसाच्या तसा लावता येणार नाही. तेथे एकच अक्षर निर्णायक ठरले, येथे अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असण्याचा संभव अधिक. म्हणून येथे नोंदी पुष्कळ लागतील, आणि पुष्कळ नोंदी म्हणजे पुष्कळ माणसे.

मंडळ चालवावे कसे, याविषयी थोडे व्यवहाराचे बोलतो. दिवस ठरलेला असावा. महिन्याचा अमुक शनिवार म्हटला म्हणजे निमंत्रणाची वाट पाहावी लागत नाही. बैठक आलटून पालटून निरनिराळ्या संस्थांत आणि वर्षातून एकदा तरी शेतावर किंवा कळपापाशी भरावी. हारतुरे, स्वागतगीत, आभारप्रदर्शन यांत तास दीड तास खर्चू नये. एकाने अडलेला प्रश्न मांडावा; सिद्ध झालेले यश मांडण्यासाठी परिषदा आहेतच. मंडळाची भाषा मराठी असावी. मराठी विज्ञान परिषदेने १९६६ पासून ही भाषा शास्त्राचे ओझे पेलू शकते हे दाखवून दिले आहे. आणि ज्या दिवशी चर्चा मराठीत होईल, त्या दिवशी धनगर आणि शेतकरीण यांना भिंतीकडेच्या बाकावर न बसविता मंडळात बसविता येईल. शिवाय अशा मंडळातून उसनवारीही होते. एकाकडे खोल थंडीचे शीतकपाट असते, दुसऱ्याकडे प्रती काढण्याचे यंत्र असते, तिसऱ्याकडे वीज गेल्यावर चालणारे जनित्र असते. उन्हाळ्यात वीज दोन तास गेली आणि महागडी विकरे वितळून वाया गेली, हे दुःख लहान गावातील संशोधकासच कळते. आणि त्यावरचा तोडगाही शेजारच्या लहान गावातील संशोधकासच सुचतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, मोकळेपणाने बोलल्यास कल्पना चोरीस जाईल. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पेटंटचा अर्ज करण्यापूर्वी शोध जाहीर झाला तर त्याचे नावीन्य गेले असे कायदा मानतो; तेव्हा ज्यास पेटंट घ्यावयाचे असेल त्याने अर्ज आधी करावा आणि बोलावे मागाहून. पण जिल्ह्यातील बहुतेक प्रश्न त्या जातीचे नसतात. त्यांसाठी एक जाड टिपणवही पुरे. कोणत्या तारखेस कोणी काय सुचविले ते तीत नोंदवून सर्वांनी सही करावी. श्रेय नोंदले गेले म्हणजे संकोच जातो. हाच न्याय शेतकऱ्याच्या ज्ञानासही लागू करावा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समिती नेमून स्थानिक वनस्पती, पशू व त्यांविषयीचे ज्ञान यांची नोंदवही ठेवण्यास सांगितले आहे, आणि त्या ज्ञानातून होणाऱ्या लाभात गावाचा वाटा मानला आहे. ती वही नीट भरण्यास असे मंडळ मोठे साह्य करील.

दुसरा आक्षेप असा की, शास्त्राच्या चर्चेत अशास्त्रीय माणसे आली म्हणजे गोंधळ होतो. माझा अनुभव आणि इतिहास दोन्ही याच्या उलट साक्ष देतात. गोंधळ होतो तो ती माणसे उशिरा आली म्हणजे. मराठवाड्यातीलच जालन्याच्या महिको कंपनीने तयार केलेल्या बीटी वांग्यास केंद्रीय समितीने २००९ च्या ऑक्टोबरात मान्यता दिली. तोवर सामान्य लोकांस त्याची फारशी वार्ता नव्हती. मग देशात सात ठिकाणी जाहीर सुनावण्या घ्याव्या लागल्या. त्यांतील एक नागपुरास झाली. वातावरण तापले, पक्ष पडले, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये सरकारने त्या वांग्याच्या लागवडीस स्थगिती दिली. निर्णय बरोबर की चूक, हा वाद आज मला करावयाचा नाही. मला एवढेच दिसते की, जी चर्चा आरंभी व्हावयाची ती शेवटी झाली, आणि शेवटी होणाऱ्या चर्चेस बहुधा भांडणाचे रूप येते. जेथे शेतकरी पहिल्या दिवसापासून बैठकीत असतो, तेथे शंका लहान असतानाच बाहेर पडते आणि उत्तरही लहानच पुरते.

आपल्यासारख्या शहरवासी कुटुंबांचा याच्याशी संबंध काय, हे सांगून मी पुरे करतो. आपल्या पानातील तुरीचे वरण ज्या शेतातून येते, त्या शेताचे आरोग्य अशा चर्चांवर काही अंशी अवलंबून आहे, हा एक संबंध. पण त्याहून जवळचा दुसरा आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जैवतंत्रज्ञानाची पदवी घेतलेला मुलगा किंवा मुलगी असेल. तिला एखाद्या जिल्ह्याच्या गावी नोकरी लागते, आणि पहिल्याच वर्षी ती म्हणू लागते की, येथे बोलण्याजोगे कोणी नाही. दोन वर्षांनी ती नुसते पाठ्यपुस्तक शिकविते. चार वर्षांनी तिने प्रश्न विचारणे सोडलेले असते. बुद्धी कमी पडली म्हणून असे होत नाही. विस्तव एकटा ठेवला म्हणजे राखेखाली जातो. दोनचार निखारे जवळ आणले म्हणजे पुन्हा फुलतो. त्या मुलीस पुण्यामुंबईस परत बोलावण्याचा सल्ला देण्यापूर्वी, तिच्यापासून एसटीच्या एका फेरीच्या अंतरावर तिच्याच विद्येची आणखी पाच माणसे आहेत, हे तिला सांगावे. त्या पाचांनी एका शनिवारी एकत्र बसावे, आणि मध्ये कळपातील एका शेळीचा प्रश्न ठेवावा. पुढचे काम तो प्रश्नच करून घेईल.